पूर ओसरल्यानंतरची तीन वर्षं : पुनर्वसनाचा निधी कसा उभारायचा, कसा पुरवायचा

पुण्यातले छोटे ट्रस्ट, गणेश मंडळं, सोसायट्या, माजी विद्यार्थ्यांचे गट यांच्यासाठी हा लेख आहे. कुठे पूर आला, दरड कोसळली की इथून टेम्पो भरून निघतात आणि ते काम आपल्याला बऱ्यापैकी जमतं. घोडं अडतं ते त्यानंतर. ऑगस्टमध्ये जमलेले पैसे दिवाळीपर्यंत संपतात. घरं बांधायची, शेतं दुरुस्त करायची वेळ येते तेव्हा खात्यात खडखडाट असतो. काही संस्थांचं उलट होतं. पैसे असतात, पण ते नेमके कशासाठी घेतले हे कुठेच लिहिलेलं नसतं. मग मार्चअखेरीला ते कुठेतरी घाईघाईने संपवले जातात.

सगळ्यात आधी वर्षाचं गणित समजून घ्या. आपल्याकडच्या बहुतेक आपत्ती जुलै ते सप्टेंबरमध्ये येतात. पंचनामे, याद्या, सरकारी मदत यात दिवाळी उलटते. जमीन वाळून पायाखोदाई करता येते नोव्हेंबरपासून, आणि मे संपला की बांधकाम थांबतं. म्हणजे बांधकामाला वर्षातले जेमतेम सहा-सात महिने मिळतात. पहिल्या हंगामात जागा आणि लाभार्थी ठरतच नाहीत, त्यामुळे घरं उभी राहतात ती दुसऱ्या, कधी तिसऱ्या हंगामात. माळीणवर दरड कोसळली ३० जुलै २०१४ला आणि आमडे इथलं नवं गाव लोकांच्या ताब्यात आलं एप्रिल २०१७मध्ये. सरकार पाठीशी असताना ही गत, तर आपण कमी मुदत धरण्यात अर्थ नाही. पैसा तीन वर्षं पुरला पाहिजे, आणि तो पुरणार की नाही हे पहिल्या आठवड्यातच ठरतं.

टप्पा १ : पावती फाडण्याआधी संस्थेची कागदपत्रं तपासा

नोंदणीकृत सार्वजनिक न्यास असाल तर न्यासपत्र काढून उद्दिष्टांचा परिच्छेद वाचा. ‘पुणे शहरातील गरजू विद्यार्थ्यांना शैक्षणिक साहाय्य’ एवढंच लिहिलेलं असेल, तर सीना नदीच्या काठी घरं बांधणं तुमच्या उद्दिष्टांत बसत नाही. पुढे लेखापरीक्षक हरकत घेईल आणि त्याचं बरोबरच असेल. अशा वेळी उद्दिष्टं जुळणाऱ्या दुसऱ्या न्यासाशी लेखी करार करून काम करा, किंवा काम फक्त शिक्षणापुरतं ठेवा.

नोंदणी नसलेलं मंडळ किंवा गट असाल, तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१-क प्रमाणे धर्मादाय कार्यालयाची परवानगी घेतल्याशिवाय वर्गणी गोळा करता येत नाही. गणेशोत्सवासाठी मंडळं घेतात ती परवानगी याच कलमाखालची. मात्र उत्सवासाठी काढलेली परवानगी पूरग्रस्तांच्या निधीला चालेल असं समजू नका. अर्जात उद्देश स्पष्ट लिहून वेगळी मागा. तीन वर्षं चालणाऱ्या कामाला ही तात्पुरती सोय तशीही अपुरी पडते. मंडळाने लोक आणि गाड्या पुरवाव्यात, पैसा नोंदणीकृत न्यासाच्या खात्यात जावा, ही वाटणी सगळ्यांच्या सोयीची.

विश्वस्तांचे बदल अर्ज धर्मादाय कार्यालयात वर्षानुवर्षं पडून असतील तर ते आत्ताच मार्गी लावा. एखादी कंपनी पैसे द्यायला तयार होते, कागद मागते, आणि धर्मादाय कार्यालयाच्या नोंदीत, म्हणजे अनुसूचीवर, नाव निघतं दोन वारलेल्या विश्वस्तांचं. हे पुण्यात नको तितकं घडतं.

*सावधान :* सेक्रेटरीच्या फोनवरच्या यूपीआयवर एकही रुपया घेऊ नका, ‘आजच्या पुरतं’ म्हणूनसुद्धा नाही. तो पैसा कायद्याच्या नजरेत त्या माणसाचा. त्याला देणगी ठरवताना पुढे नाकी नऊ येतात.

टप्पा २ : आवाहनाचा मजकूर

सगळ्यात महाग चुका याच टप्प्यावर होतात, म्हणून इथे जरा थांबतो.

व्हॉट्सअॅपवर फिरणारा मजकूर साधारण असा असतो : ‘पूरग्रस्त बांधवांना मदतीचा हात. सढळ हस्ते मदत करा. १०० टक्के रक्कम थेट पूरग्रस्तांपर्यंत.’ या तीन ओळींनी तुम्ही स्वतःला तीन ठिकाणी बांधून घेतलं. ‘मदत’ म्हणजे देणाऱ्याच्या डोक्यात शिधा आणि चादरी. दोन वर्षांनी त्याच पैशातून गावात नाला बांधलात तर त्याला फसवल्यासारखं वाटेल. ‘१०० टक्के थेट’ म्हटल्यामुळे साइटवरच्या इंजिनिअरचा पगार देता येणार नाही, आणि इंजिनिअर नसेल तर घरं कशी होतात हे वेगळं सांगायला नको. शिवाय पैसे उरले तर काय, याचा उल्लेखच नाही.

त्याऐवजी असं लिहा :

‘या निधीपैकी जास्तीत जास्त ३० टक्के रक्कम पहिल्या दोन महिन्यांतल्या तातडीच्या गरजांसाठी वापरली जाईल. उरलेली रक्कम पुढील तीन वर्षांत शेतजमीन दुरुस्ती, रोजगार आणि घरं यांवर खर्च होईल. त्यातली १० टक्क्यांपर्यंत रक्कम देखरेख, प्रवास, तांत्रिक सल्ला आणि लेखापरीक्षण यांवर खर्च होईल. ठरलेलं काम पूर्ण होऊन रक्कम उरल्यास ती महाराष्ट्रातील अन्य आपद्ग्रस्तांसाठी वापरली जाईल.’

टक्के तुमच्या कामाप्रमाणे बदला, पण चारही वाक्यं ठेवा. हाच मजकूर पावतीच्या मागे छापा आणि विश्वस्तांच्या ठरावात जसाच्या तसा घ्या. असं लिहिलं की लोक पैसे देत नाहीत, अशी धास्ती घेतली जाते. पहिल्या दिवशी आकडा थोडा कमी दिसेलही. पण सदाशिव पेठेतल्या निवृत्त बँक मॅनेजरने हिशेब विचारला तर उत्तर पावतीच्या मागेच असेल. आणि तो विचारणारच.

आणखी एक. ‘एका कुटुंबाला दत्तक घ्या’ असं आवाहन मोहक वाटतं, पण देणाऱ्याला मग त्या घराचे फोटो, मुलांची नावं, दिवाळीचं पत्र सगळं हवं असतं. शेजारच्या कुटुंबाला दत्तक घेणारा मिळत नाही आणि गावात दुफळी होते. पैसा कामाच्या नावाने मागा, माणसांच्या नावाने नको.

*तपासणी :* तिऱ्हाईत माणसाला आवाहन वाचायला द्या आणि विचारा, ‘हे पैसे दोन वर्षांनी खर्च झाले तर चालेल का?’ तो गोंधळला तर मजकूर पुन्हा लिहा.

टप्पा ३ : पैसा ठेवायचा कसा

वेगळं बँक खातं उघडा. ताळेबंदात ही रक्कम ‘इअरमार्क्ड फंड’, म्हणजे ठरावीक कामासाठी राखलेला निधी, म्हणून दाखवा. न्यासांच्या ताळेबंदाचा जो ठरलेला नमुना आहे, अनुसूची आठ, त्यात तशी जागा असतेच. न्यासाच्या रोजच्या खात्यात ती मिसळली की वीजबिलापासून स्नेहसंमेलनापर्यंत सगळं तिच्यातून जायला लागतं, आणि कुणी चोरी केलेली नसताना निधी आटतो.

आता आयकर. आयकर सवलत घेणाऱ्या न्यासाने वर्षाच्या उत्पन्नाच्या ८५ टक्के रक्कम त्याच वर्षी उद्दिष्टांवर खर्च करायची असते. ऑगस्टमध्ये ४० लाख जमले तर मार्चपर्यंत ३४ लाख संपवायला हवेत, असा याचा धसका घेतला जातो. मग फेब्रुवारीत ब्लँकेटं घेतली जातात. पण ठरावीक कारणासाठी रक्कम पाच वर्षांपर्यंत साठवून ठेवायची सोय कायद्यातच आहे. विश्वस्तांचा ठराव करायचा, कारण नेमकं लिहायचं, फॉर्म १० मुदतीत भरायचा आणि पैसा कायद्याने मान्य केलेल्या ठिकाणीच गुंतवायचा. कारण लिहिताना ‘न्यासाच्या उद्दिष्टांसाठी’ असं मोघम लिहाल तर ते नाकारलं जाऊ शकतं. ‘अमुक गावातील पूरग्रस्त कुटुंबांची घरबांधणी’ असं लिहा. १ एप्रिल २०२६पासून नवा आयकर कायदा लागू झाला आहे. इथे लोकांच्या तोंडी असलेली जुनी नावं आणि क्रमांक दिले आहेत. भरण्याआधी सीएकडून ताडून घ्या, आणि सीएला मार्चमध्ये नाही, सप्टेंबरमध्ये गाठा.

आणखी काही गोष्टी इथेच उरकून घेऊ. २,००० रुपयांच्या वरच्या रोख देणगीवर देणाऱ्याला ८०-जीची, म्हणजे देणगीवरची आयकर वजावट मिळत नाही. नवी करप्रणाली घेतलेल्यांना ती मुळातच नाही, त्यामुळे ‘टॅक्स वाचेल’ असं सरसकट सांगत सुटू नका. पावत्यांचं विवरणपत्र, म्हणजे फॉर्म १०-बीडी, ३१ मेपर्यंत भरावं लागतं. त्यासाठी देणगीदाराचा पॅन आणि पत्ता देणगी घेतानाच लिहून घ्या. आठ महिन्यांनी तीनशे लोकांना पॅनसाठी फोन करत बसणं ही शिक्षा आहे. चौकात ठेवलेल्या दानपेटीचा मोहही आवरा. निनावी देणग्या १ लाख रुपये किंवा एकूण देणग्यांच्या ५ टक्के, यातल्या मोठ्या रकमेच्या वर गेल्या की वरच्या भागावर ३० टक्के कर बसतो.

मग परदेशातली मंडळी. कोथरूडमधल्या प्रत्येक इमारतीतून कुणीतरी न्यू जर्सीला असतंच आणि पूर आला की त्यांचे फोन येतात. भारतीय पासपोर्ट असलेल्याने स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पाठवलेला पैसा परदेशी देणगी ठरत नाही. पासपोर्टची प्रत मागून ठेवा. अमेरिकी नागरिकत्व घेतलेल्या भावाचा, ओसीआय (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांचं) कार्ड असलं तरी, पैसा मात्र परदेशी देणगीच. ती घ्यायला एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगी कायद्याखालची नोंदणी आणि दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतलं खातं लागतं. आणि ज्या संस्थेकडे ही नोंदणी आहे तिने पैसा घेऊन तुमच्याकडे वळवणं २०२०च्या दुरुस्तीनंतर बंद झालं आहे. ‘त्यांच्या खात्यात टाकू, ते आपल्याला देतील’ ही युक्ती कुणी सुचवली तर साफ नाही म्हणा.

टप्पा ४ : मोठा पैसा, म्हणजे सीएसआर (कंपन्यांचा सामाजिक जबाबदारीचा निधी)

चाकण, पिंपरी, हिंजवडी हाकेच्या अंतरावर असल्यामुळे पुण्यातल्या संस्थांना कंपन्यांचे दरवाजे लवकर उघडतात. कायद्यात बसणाऱ्या कंपन्यांनी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के खर्च करायचे असतात, आणि आपत्तीनंतरचं पुनर्वसन व पुनर्बांधणी मान्य यादीत आहे. तुमच्याकडे सीएसआर-१ क्रमांक (कंपनी व्यवहार मंत्रालयाकडची नोंदणी), १२-ए (न्यासाच्या आयकर सवलतीची नोंदणी), ८०-जी आणि तशाच कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव हवा. अनुभव नसेल तर अनुभवी संस्थेचे भागीदार व्हा, त्यात कमीपणा नाही.

चूक होते ती मुदतीत. कंपनी फेब्रुवारीत फोन करते : ‘मार्चच्या आत खर्च दाखवाल तर ५० लाख देतो.’ संस्था हो म्हणते आणि पायाखोदाई झाली नसताना सिमेंटची बिलं जमा होतात. यावर उपाय असा, की बोलणी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये करा आणि काम पहिल्यापासूनच ‘चालू प्रकल्प’ म्हणून कंपनीच्या संचालक मंडळाकडून मंजूर करून घ्या. मग कंपनीला न खर्चलेली रक्कम आर्थिक वर्ष संपल्यापासून ३० दिवसांत वेगळ्या खात्यात ठेवता येते आणि सुरुवातीचं वर्ष सोडून पुढची तीन वर्षं वापरता येते. करारात हप्ते तारखांना बांधू नका, टप्प्यांना बांधा : यादी कायम झाली, जोतं झालं, स्लॅब पडला.

कंपनीकडे देखरेखीचा खर्च मागायला लाजू नका. प्रशासन खर्चावरची ५ टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या खर्चाला आहे. प्रकल्पाच्या इंजिनिअरचा पगार हा प्रकल्पाचा खर्च. हे वाक्य अंदाजपत्रकात ठसठशीत येऊ द्या.

*सावधान :* एकाच घरावर दोन देणाऱ्यांच्या पाट्या लागतात आणि मग दोन्ही लेखापरीक्षणं अडतात. घरांना सुरुवातीलाच क्रमांक द्या आणि प्रत्येक क्रमांकापुढे एकच नाव लिहा. सरकारी अनुदान त्याच घराला असेल तर तेही त्याच ओळीत आलं पाहिजे.

टप्पा ५ : यादी

गाव निवडताना टीव्हीवर दिसलेलं गाव टाळा. तिथे आधीच डझनभर संस्था पोहोचलेल्या असतात. तहसील कार्यालयात जाऊन विचारा, पंचनामे झाले पण कुणीच फिरकलं नाही अशी गावं कोणती. यादी हातात मिळते.

सरकार काय देणार हे कळल्याशिवाय तुमची मदत ठरवू नका. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या २०२२-२६च्या निकषांत पूर्ण पडलेल्या पक्क्या घराला सपाट भागात १ लाख २० हजार, डोंगराळ भागात १ लाख ३० हजार, झोपडीला ८ हजार, दुभत्या गाई-म्हशीला ३७ हजार ५००, शेळीला ४ हजार असे दर होते. नदीने प्रवाह बदलून जमीनच नेली तर अल्पभूधारकाला हेक्टरी ४७ हजार. निकष बदलतात आणि राज्य सरकार वेळोवेळी त्यात भर घालतं, म्हणून चालू शासन निर्णय तलाठ्याकडून घ्या. या आकड्यांचा उपयोग एवढाच, की त्यांच्यापुढे प्रत्यक्ष नुकसान लिहिलं की मधली दरी दिसते. तुमचा पैसा त्या दरीत घालायचा.

त्याहून महत्त्वाचे ते लोक, जे यादीत येतच नाहीत. भाड्याच्या खोलीत राहणारे. गायरानावर घर बांधलेले. सासऱ्याच्या नावावरच्या घरात राहणारी विधवा सून. म्हैस वाहून गेली, पण शव सापडलं नाही म्हणून पंचनामा झाला नाही, असा शेतकरी. बीड, धाराशिवकडे ऊसतोड कामगार दिवाळीच्या सुमाराला गाव सोडतात. नोव्हेंबरच्या सर्वेक्षणात त्यांच्या दाराला कुलूप दिसतं आणि रकान्यात ‘गैरहजर’ पडतं. अशा घरांना ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात गाठायचं. शहरातही हेच. २५ सप्टेंबर २०१९च्या रात्री आंबिल ओढा फुगला तेव्हा काठच्या वस्त्यांत भाडेकरूंच्या नावावर एकही कागद नव्हता अशी घरं होती. शहरात गरजही वेगळी असते. तिथे भिंती बऱ्याचदा उभ्या राहतात आणि जातं ते शिलाई मशीन, रिक्षा, हातगाडीवरचा माल, मुलांचे दाखले.

यादी पक्की करण्याची रीत अशी. घरोघर जाऊन माहिती घ्या. कच्ची यादी ग्रामपंचायतीच्या फलकावर सात दिवस लावा. मग ग्रामसभेत ती मोठ्याने वाचा. नुसतं नाव वाचू नका. नाव, काय नुकसान झालं आणि काय मिळणार, हे तिन्ही वाचायचं. ‘अमुक अमुक, दोन खोल्या पडल्या, घराचा पहिला हप्ता’ असं वाचलं की सभेत मागून कुणीतरी हमखास म्हणतं, ‘त्याच्या दोन खोल्या तर तीन वर्षांपूर्वीच पडल्यात.’ खसखस पिकते, सरपंच घसा खाकरतात. तिथे वाद घालू नका. आक्षेप वहीत लिहा, दुसऱ्या दिवशी घर पाहा आणि निकाल लेखी लावा. बायकांची बैठक वेगळी घ्या आणि ती ग्रामसभेच्या आधी घ्या. कोणत्या घरात चूल पेटत नाही हे तिथेच कळतं.

*तपासणी :* कायम यादीत सरपंचांचे, ग्रामपंचायत सदस्यांचे आणि तुमच्या स्थानिक कार्यकर्त्याचे नातेवाईक किती आहेत ते मोजा. असणारच, त्यांचीही घरं पडली. पण प्रत्येकापुढे फोटो आणि पंचनाम्याची प्रत हवी.

टप्पा ६ : आधी रोजगार, मग घर

देणाऱ्याला घर दिसतं. गावातल्या माणसाला पुढच्या पिकाचं बियाणं दिसतं. क्रम त्याच्या बाजूने लावा.

शेतकऱ्याचं पहिलं काम रब्बी. ज्वारी, हरभऱ्याची पेरणी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये हुकली की पुढचं उत्पन्न थेट पुढच्या खरिपाचं, म्हणजे वर्ष गेलं. बियाणं, खत आणि पाण्यात बुडालेल्या मोटारीची दुरुस्ती यांसाठीचा पैसा पंधरा दिवसांत पोहोचवा. जमीन खरवडून गेली असेल तर बियाण्याचा उपयोग नाही. तिथे आधी बांध, मग गाळमाती. तलावातला गाळ आणायचा तर महसूल विभागाची परवानगी, उन्हाळ्यातली वेळ आणि जेसीबीच्या तासांची नोंदवही, तिन्ही लागतात. नोंदवहीवर शेतकऱ्याची सही तास संपल्यावर लगेच घ्या, आठवड्याने नको. जेसीबीच्या तासांत जेवढा पैसा झिरपतो तेवढा दुसरीकडे कुठे झिरपत नाही.

जनावरं लगेच घेऊ नका. पुरानंतर बाजारात भाव चढलेले असतात, चारा सडलेला असतो आणि गोठा पडलेला असतो. आधी गोठ्यावर पत्रे, मग चाऱ्याची सोय, मग जनावर. निवडायला घरची बाई आणि पशुवैद्यक दोघंही बरोबर असावेत. भूमिहीन कुटुंबाला म्हशीपेक्षा चार शेळ्या जास्त पेलतात.

रोख द्यायची की वस्तू? बाजार सुरू झाला असेल तर रोख, थेट खात्यात, आणि शक्य तिथे घरातल्या बाईच्या खात्यात. आधी बँकेला लेखी विचारा, की जमा रक्कम जुन्या कर्जात वळती होणार नाही ना.

मुलांच्या शिक्षणाचा खर्च उचलण्याचा मोह होईल. पाचवीतल्या मुलाचा खर्च उचलणं म्हणजे आठ-दहा वर्षांचा वायदा. किल्लारीच्या १९९३च्या भूकंपानंतर भारतीय जैन संघटनेने १,२०० मुलं शिकायला पुण्यात आणली, ती स्वतंत्र वसतिगृह आणि शाळेच्या तयारीने. तेवढी ताकद नसेल तर शाळेची इमारत, सायकली, दहावीच्या वर्षाची फी अशी संपणारी कामं घ्या.

टप्पा ७ : जागा, मग नकाशा, मग घर

घरबांधणी फसते ती बहुतेक वेळा जागेवर, म्हणून जागेचे प्रश्न सुटेपर्यंत भूमिपूजन नाही. कितीही मोठा पाहुणा मिळो.

सातबारा कुणाच्या नावावर आहे? गावठाणात आहे की गायरान? गायरान असेल तर जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश हातात येईपर्यंत थांबा, ‘तोंडी झालंय’ चालत नाही. पूररेषेच्या आत आहे का? निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत बांधायचंच नाही. डोंगर उतार असेल तर भूवैज्ञानिकाचा अहवाल हवा. आंबेगाव, जुन्नर, भोर, मुळशी या तालुक्यांत हे वगळून चालणारच नाही. पाणी कुठून येणार? शेत किती लांब? शेत लांब पडलं की माणसं दिवसा जुन्या जागी जातात, मग तिथे पत्र्याची शेड उभी राहते आणि पुढे मुक्कामही तिथेच पडतो. नवं घर कुलूपबंद.

भराव टाकून सपाट केलेल्या जागेची खास काळजी घ्या. माळीणच्या नव्या गावात जून २०१७मध्ये, पहिल्याच पावसात, रस्ते आणि भराव खचल्याच्या बातम्या आल्या होत्या. ताबा देऊन तीन महिनेही झाले नव्हते. भरावावर एक पावसाळा जाऊ द्या, आणि घराआधी गटारं व संरक्षक भिंत पूर्ण करा. कंत्राटदार हे शेवटी ठेवतात, कारण फोटोत गटार येत नाही.

नकाशा लोकांबरोबर ठरवा. जमिनीवर फक्कीने घर आखा आणि बायकांना त्यात चालायला सांगा. चूल कुठे, पाण्याचा माठ कुठे, गाय कुठे बांधणार, ओसरी किती, हे दहा मिनिटांत कळतं. मग एक नमुना घर पूर्ण बांधा आणि बाकीची त्यानंतरच. घराचा कागद नवरा-बायको दोघांच्या नावे व्हावा, ही अट पहिल्या हप्त्याआधी घाला. नंतर ती मान्य होत नाही.

मालकाने स्वतः बांधायचं आणि संस्थेने हप्ते, गवंडी प्रशिक्षण व इंजिनिअर द्यायचा, ही पद्धत मोठ्या कंत्राटापेक्षा संथ दिसते, पण घरं बरी होतात. समजा, एका घरामागे तुमचा वाटा ३ लाख आहे. तर हप्ते असे :

पाया खोदण्याआधी ६० हजार.
जोतं पूर्ण, इंजिनिअरने पाहिलं : ८० हजार.
लिंटलचा (दार-खिडक्यांवरचा काँक्रीटचा) पट्टा सलग झाला : ७० हजार.
स्लॅब पडला, क्युरिंग (पाणी मारून काँक्रीट ओलं ठेवणं) झालं : ६० हजार.
शौचालय आणि उंबऱ्यापासून गटारापर्यंतचा उतार झाला : ३० हजार.

पहिला हप्ता फुगवू नका. त्यातून लग्नं होतात, आणि त्यात त्या माणसाला दोष देण्यात हशील नाही, घरात पैसा बऱ्याच दिवसांनी आलेला असतो. लिंटलच्या पट्ट्याचा फोटो चारही कोपऱ्यांतून घ्या. खर्च वाचवायला गज कोपऱ्यात तोडले जातात, आणि घर हलतं तेव्हा पहिली भेग तिथूनच जाते. पाण्याअभावी क्युरिंग राहून जातं. मार्चनंतर स्लॅब टाकणार असाल तर टँकरचा खर्च अंदाजपत्रकात आधीच धरा.

धर्मादाय काम म्हणून जीएसटी माफ होत नाही. सिमेंटवरचा दर २२ सप्टेंबर २०२५पासून २८वरून १८ टक्क्यांवर आला, पण तो शून्य नाही, आणि बांधकाम कंत्राटावरही कर आहेच. जुन्या कोटेशनवर नवी अंदाजपत्रकं बांधू नका. कंत्राटदाराच्या बिलातून टीडीएस कापायला विसरलात तर तो भुर्दंड न्यासावर येतो.

*तपासणी :* कोणत्याही दिवशी तीन आकडे तोंडावर सांगता आले पाहिजेत : किती घरं कोणत्या टप्प्यावर, त्यांचे किती हप्ते बाकी, खात्यात किती. बाकी हप्ते खात्यापेक्षा जास्त असतील तर नवं जोतं सुरू करू नका. पंधरा पूर्ण घरं चालतील, तीस अर्धवट नकोत.

टप्पा ८ : हिशेब गावात आणि पुण्यात

गावात ग्रामपंचायतीच्या भिंतीवर फलक : किती आले, कशावर गेले, तक्रार कुणाकडे करायची. तक्रारीसाठीचा फोन गावातल्या कार्यकर्त्याचा नको, पुण्यातल्या विश्वस्ताचा हवा. पुण्यात देणगीदारांना दर सहा महिन्यांनी एक पान पाठवा, आणि त्यात न झालेलं कामही लिहा. ‘गायरानाचा आदेश अजून आलेला नाही, म्हणून घरांचे १८ लाख मुदत ठेवीत आहेत’ असं वाचलेला देणगीदार चिडत नाही. दोन वर्षं काहीच न कळलेला चिडतो. लाभार्थ्यांचे चेहरे, आधार क्रमांक, खाते क्रमांक त्या पानावर नकोत.

टप्पा ९ : बाहेर पडणं

शेवटचं घर झालं की फीत कापून निघू नका. एक पूर्ण पावसाळा जाऊ द्या. कंत्राटदाराचे ५ ते १० टक्के पैसे तोपर्यंत राखून ठेवा, आणि ही अट करारात पहिल्या दिवशी आलेली असू द्या. जुलैच्या जोरदार पावसात एकदा इंजिनिअरला घेऊन जा. छत कुठे गळतं, गटार कुठे तुंबतं, भराव कुठे बसला, हे ऊन पडल्यावर समजत नाही.

नळयोजना, सौरदिवे, समाजमंदिर असं जे सामायिक असेल त्याचा ताबा ग्रामपंचायतीला लेखी द्या. पंपाचं बिल कोण भरणार, हे त्याच कागदात लिहा. गावात बचतगट चालू असेल तर घरदुरुस्तीची छोटी कर्जं देण्यासाठी त्याच्याकडे थोडी रक्कम ठेवता येते. त्यासाठी नवा गट मात्र काढू नका, संस्था परतली की तो सहसा मोडतो.

खात्यात पैसे उरले असतील तर आवाहनातलं चौथं वाक्य काढा आणि त्याप्रमाणे विश्वस्तांचा ठराव करा. फॉर्म १० मध्ये एका गावाचं नाव घातलेलं असेल तर रक्कम दुसरीकडे वळवण्याआधी सीएमार्फत आयकर अधिकाऱ्यांची मंजुरी घ्यावी लागते. ती पाचवं वर्ष संपण्याच्या आत मागायची, कारण मुदत उलटली की उरलेली रक्कम उत्पन्नात धरली जाते आणि तिच्यावर कर लागतो.